पूजेला मांडलेली रायफल

मुलीला नेम धरायला शिकवण्याआधी तिच्या बाबांनी तिला गोळी काढून ठेवायला शिकवलं. आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात बैठकीच्या खोलीत ती गालिच्यावर पालथी पडलेली असायची. पुढे उशीवर टेकवलेली छऱ्यांची जुनी बंदूक, तीही रिकामी. टीव्हीवर एक पितळी हत्ती होता, त्याच्यावर नेम. बाबा शेजारी उकिडवे बसून तिच्या पाठीवर तळहात ठेवत. ते भूलतज्ज्ञ होते. दुसऱ्याचा श्वास हाताखाली ओळखणं हे त्यांचं रोजचं काम.

"सोड. सावकाश. अर्ध्यावर थांब. दिसतोय हत्ती?"

"दिसतोय."

"हलतोय?"

"हत्ती? पितळेचा आहे, बाबा!"

"तुझा हात हलतोय का, ते विचारतोय."

"नाही हलत."

"बरं. मग काढ गोळी."

गोळी नसायचीच. तरी तिने बंदूक उघडायची, आत काही नाही हे बोटाने चाचपून बघायचं आणि ती बाजूला ठेवायची. त्याचा तिला फार राग यायचा. "आई, सांग ना यांना! रोज गोळी काढ, गोळी काढ. आपण शिकार शिकतोय की नुसतं योगा करतोय?" मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे. या प्रकरणात मी विरोध केला नव्हता आणि पाठिंबाही दिला नव्हता. माझं माहेर माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. मी शहराच्या लायब्ररीत नोकरी करत होते. तिथून हरणांवरची दोन पुस्तकं आणून मी तिच्या टेबलावर ठेवली होती. माझ्याकडून तेवढंच.

तिचे बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. लोक भेटायला येतात तेव्हा त्यांच्या हातगुणाबद्दल बोलतात, त्यांच्या रागाबद्दल हळूच बोलतात. मला मात्र नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं ते एक वर्ष आठवत राहतं. त्यात ते जितके स्वच्छ दिसले तितके एरवी कधी दिसले नाहीत. म्हणून ते लिहून ठेवते आहे. घाई नाही.

सुरुवात त्यांच्या हॉस्पिटलमधल्या एका सर्जनच्या घरी झाली. हा सर्जन इंग्रज, हाडांचा, बोलायला मोठा आणि मनाने साधा. दर शरद ऋतूत तो स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जायचा. नाताळच्या सुमारास त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. जिन्याच्या भिंतीवर शिंगं लावलेली होती. आमची मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली ती हलेचना. तेव्हा ती चौदा पुरी करून पंधराव्यात होती. शाळेतून डोंगर चढायला जायची आणि घरी येऊन पायाचे फोड मोठ्या अभिमानाने दाखवायची.

"हे तुम्ही मारलंत? आणि मग खाल्लंत?" तिने सर्जनला विचारलं.

"वर्षभर खाल्लं," तो म्हणाला. "माझी बायको अजून त्याबद्दल बोलत नाही."

"मला नेता येईल?"

सर्जन हसला आणि तिच्या बाबांकडे बघू लागला. माझी खात्री होती की हे नाही म्हणतील. तिला साधं रात्री मैत्रिणीकडे राहायला सोडायचं तर हे आठवडाभर विचार करायचे. पण ते लगेच म्हणाले, "नीट शिकली तर."

का म्हणाले ते मला माहीत होतं. मुलीला माहीत नव्हतं.

त्यांचे वडील कोल्हापूरकडच्या एका लहान संस्थानात शिकारखान्यावर होते. संस्थान गेलं तरी घराची रीत राहिली. घरातल्या मुलाची पहिली शिकार दसऱ्याला. तेरा वर्षांचे असताना यांना घाटाच्या कडेला नेऊन बसवलं आणि यांनी एका सांबरावर गोळी झाडली. ती पोटात लागली. सांबर धडपडत घळीत उतरलं. मोठी माणसं म्हणाली, जाऊ दे, तरस खाईल. भाकऱ्या आणि रस्सा तयार होता, सगळे जेवायला बसले. हेही बसले. पुढच्या वर्षी यांनी बंदूक धरायला नकार दिला तेव्हा घरात यांना 'बामण' म्हणून चिडवू लागले. हे सगळं त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पुन्हा तो विषय काढला नाही. आता मुलीच्या हातून ते एकदा नीट व्हावं, एका गोळीत, जनावराला कळायच्या आत, एवढं त्यांना हवं होतं. त्या वर्षभरात त्यांनी जे जे केलं त्याच्या मागे हेच होतं.

तिला परवाना काढावा लागला. त्यासाठी एक पोलीस अधिकारी घरी आला. दाराशी चपलांची रांग बघून त्याने न सांगता बूट काढले. त्याच्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, म्हणून तो सबंध वेळ एक पाय दुसऱ्याखाली दडवून बसला. मी त्याला चहा आणि चिवडा दिला. त्याने मुलीला विचारलं, तुला बंदूक का हवी? आम्ही तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं. ती ते विसरली आणि म्हणाली, "कारण माझे बाबा मला ती वापरू देत नाहीत." अधिकारी इतका हसला की चिवडा सांडला. परवाना मिळाला. रायफल मात्र सर्जनच्या घरी, पोलादी कपाटात राहायची. ती त्याचीच होती. उन्हाळाभर दर रविवारी तिघं गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जात आणि संध्याकाळी ओल्या गवताचा वास घेऊन परत येत.

एकदा बाबा कसायाकडून बकऱ्याचं काळीज आणि फुप्फुसं अखंड घेऊन आले. तिला आतली रचना दाखवायची होती. पिशवी ओट्यावर ठेवली.

"अहो! माझ्या ओट्यावर नाही," मी म्हटलं.

"पाचच मिनिटं."

"पाच नाहीत आणि एक नाही. बागेत न्या."

मग बागेतल्या शेडमध्ये, झाडांच्या कुंड्या हलवून, त्यांनी ते एका जुन्या ट्रेवर मांडलं. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी फुप्फुसाच्या नळीत फुंकर घातली. फुप्फुसं फुगली. मुलगी दोन पावलं मागे सरली आणि परत पुढे आली. "इथं लागली तर त्याला काही कळणार नाही," ते म्हणाले. "आणि इथं मागे लागली तर त्याला सगळं कळेल. बराच वेळ कळेल." ती मान हलवत होती. पुढे म्हणाले, "मागे लागली तर तू त्याच्या मागे जायचं. कितीही वेळ. ज्याने पहिली गोळी घातली त्यानेच शेवटची घालायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. हे जमणार नसेल तर आजच सांग. मी रागावणार नाही."

"जमेल," ती म्हणाली.

"नीट विचार करून सांग."

"बाबा, जमेल म्हटलं ना."

स्वयंपाकघरात आल्यावर तिने माझ्याकडे पाणी मागितलं, आणि ते पिता पिता म्हणाली, "आई, बाबा ते फुगवत होते तेव्हा मला ओकारी आली. त्यांना सांगू नको हं."

सर्जनने डोंगरातलं एक घर आठवड्यासाठी घेतलं, त्या आठवड्यात दसरा येत होता. त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाबांनी पंचांग काढलं, चष्मा पुसला आणि दोनदा बघितलं. नरांच्या शिकारीचा हंगाम त्यानंतर लगेच संपतो. सर्जन म्हणाला होता की सप्टेंबरात हवा जास्त बरी असते, मांसही चांगलं असतं. ऑक्टोबरात नर माजावर येतात आणि मांसाला वास मारतो. बाबा म्हणाले, ऑक्टोबरच बरा. का ते सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून घरात 'दसऱ्याला' असंच बोललं जाऊ लागलं. 'दसऱ्याला पाऊस असेल तर हे जाकीट', 'दसऱ्याला वारा पश्चिमेचा असला तर'. मला ते जरा खटकलं. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटला साधा ताप असला तर हे ऑपरेशन पुढे ढकलायला लावत आणि सर्जन लोकांच्या शिव्या खात. दसरा मात्र पुढे ढकलता येणार नव्हता.

आम्ही नवमीला निघालो. स्कॉटलंडची हद्द सांगणारी पाटी आली तेव्हा बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"झालं सीमोल्लंघन."

"उद्या ना ते?" मुलगी म्हणाली.

"एक दिवस ॲडव्हान्स."

"मग सोनं द्या." तिने हात पुढे केला. त्यांनी तिच्या हातावर पार्किंगचं जुनं तिकीट ठेवलं.

घर दगडी होतं, एका लांबट दरीत. मागे डोंगर सरळ वर चढलेला. दिवस मावळायला अजून वेळ होता. सर्जन आमच्या आधी पोचला होता. त्याच्याबरोबर त्या डोंगराचा वाटाड्या उभा होता. शिकारीला आलेल्यांना हरणापर्यंत नेणं हे त्याचं काम. साठीच्या घरातला, कमी बोलणारा, ओठांच्या कोपऱ्यात विझलेली पाइप. त्याने मुलीशी हात मिळवला आणि म्हणाला, उजेड आहे तोवर निशाणावर दोन गोळ्या झाडून घेऊ. घरामागे एक लोखंडी पत्रा उभा केलेला होता. इथे येणाऱ्या प्रत्येकाने डोंगरावर जाण्याआधी त्यावर झाडून दाखवायचं असा त्याचा नियम. रायफल इतक्या लांबून गाडीच्या डिकीत हादरत आलेली असते. तिच्यावरची दुर्बीण केसाएवढी सरकली तरी गोळी वीतभर चुकते.

अडचण अशी झाली की रायफल पूजेला मांडली गेली होती.

मांडली मीच. आमच्याकडे दर खंडेनवमीला पूजा असे. यांचं भूल देतानाचं घशात बघायचं यंत्र, माझं शिवणयंत्र, लायब्ररीतला तारखेचा शिक्का, मुलीची कंपासपेटी. या वर्षी प्रवासात म्हणून शिवणयंत्र राहिलं होतं. पण आल्या आल्या मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला आणि सर्जनकडून रायफल मागून घेतली. त्याने ती उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, टॉवेलवर ठेवली, आणि कायद्याने त्याला तिच्याजवळ राहणं भाग होतं म्हणून खुर्ची ओढून तिथेच बसला. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू नव्हता म्हणून बागेतली पिवळी फुलं वाहिली, आरती केली. सर्जनने मान खाली घालून, चर्चमध्ये घालतात तशी, सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मासे पकडायचा गळ आहे माझ्याकडे. तोही ठेवता येईल का?" मी हो म्हटलं. तो लगबगीने जाऊन घेऊन आला.

तेवढ्यात वाटाड्याचा निरोप आला. बाबा म्हणाले, "आज नाही. पूजेतलं शस्त्र उद्या सकाळपर्यंत उचलत नाहीत."

"बाबा, पण टार्गेट?" मुलगी दारात बूट घालून उभी होती.

"सकाळी करू. निघण्याआधी."

सर्जनने बाहेर जाऊन वाटाड्याला समजावलं. खिडकीतून दिसलं, की वाटाड्याने पाइप तोंडातून काढली, घराकडे बघितलं आणि परत तोंडात घातली. संध्याकाळच्या जेवणात सर्जनने मला दरीत बसून शिकार कशी ऐकायची ते शिकवलं. "एक बार ऐकू आला तर चहाची किटली ठेवा. दोन लागोपाठ आले तरी ठेवा. एका बारानंतर बराच वेळ गेला आणि मग दुसरा आला, तर किटली राहू द्या. कपाटात व्हिस्की आहे, ती काढून ठेवा." मुलगी हसली. बाबा हसले नाहीत.

सकाळी दार उघडलं तर समोर काहीच नव्हतं. धुक्यात लोखंडी पत्रा दिसत नव्हता, घरामागची भिंतसुद्धा दिसत नव्हती. वरून कुठून तरी नर ओरडत होते, घसा बसलेल्या बैलासारखे. मी अक्षता वाहून उत्तरपूजा केली आणि रायफल सर्जनच्या हातात दिली. वाटाड्या म्हणाला, धुकं विरेपर्यंत थांबू. ते दुपारी विरेल. नाही विरलं तर उद्या जाऊ. बाबा घड्याळाकडे बघत होते.

"गेल्या रविवारी सगळ्या गोळ्या जागच्या जागी लागल्या होत्या," ते म्हणाले.

"गेल्या रविवारी रायफल कॉव्हेंट्रीत होती," वाटाड्या म्हणाला.

सर्जन मध्ये पडला. रायफल त्याची. बरीच वर्षं तो ती इथं आणत होता आणि ती कधी सरकली नव्हती. वर धुकं नसेल, आत्ता चढायला लागलो तर वेळेवर पोचू. बाबांनी काठी हातात घेतली होती. वाटाड्याने खांदे उडवले. मुलगी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मी तिला ओवाळलं. मग ते चौघं धुक्यात चढून गेले आणि मी आत येऊन पुस्तक उघडलं.

पुढचं मला तिघांकडून तीन वेळा कळलं. त्यात फारसा फरक नव्हता.

वर खरंच धुकं नव्हतं. बराच चालून, मग रांगून, शेवटी पोटावर सरपटत ते एका उंचवट्याआड पोचले. खाली पठारावर माद्यांचा कळप होता आणि नर त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होता. वारा तोंडावर होता. अंतर मैदानावर असायचं तेवढंच. सगळं शिकवल्याप्रमाणे जुळून आलं होतं. नर आडवा उभा राहिला. वाटाड्या तिच्या कानाशी म्हणाला, तुला वाटेल तेव्हा. तिने श्वास अर्ध्यावर थांबवला. आणि मग तिने डोळा दुर्बिणीवरून काढून मान वळवली आणि मागे हीदरच्या झुडपांत पडलेल्या बाबांकडे बघितलं. वाटाड्याने हे मुद्दाम सांगितलं. बघायला वेळ होता, म्हणाला, आणि तिने विचारल्यासारखं बघितलं. बाबांनी होकाराची मान हलवली. तिने परत नेम धरला आणि चाप ओढला.

मी पहिला बार ऐकला. दरीत तो दोनदा घुमला. मी उठून किटली भरली. गॅस पेटवला नाही, कारण काय ते सांगता येणार नाही. खिडकीशी उभी राहिले. धुकं आता खालीही पातळ झालं होतं आणि दरीतला ओढा दिसायला लागला होता. पलीकडच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्यांनी बाराच्या वेळी माना वर केल्या होत्या, मग पुन्हा खाली घातल्या. माझा चष्मा टेबलावर होता आणि पुस्तक उलटं पडलं होतं. आता चौघं खाली यायला लागले असतील, मी म्हटलं. नर ओढून आणायला तट्टू लागतं, त्याला वेळ जातो. असं मी बराच वेळ म्हणत राहिले. मग दुसरा बार झाला, खूप दूर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला.

मी किटलीतलं पाणी ओतून दिलं.

पहिली गोळी मागे, पोटात लागली होती. नर खचला, उठला आणि कड्यावरून पलीकडे गेला. वाटाड्याने रायफल घ्यायला हात पुढे केला. कायदा, रीत, शहाणपण, सगळं त्याच्याच बाजूला होतं. ती म्हणाली, "मीच." सर्जन म्हणाला, अगं पोरी, दे त्याला. ती म्हणाली, मला सांगितलंय, मीच. बाबा तिथेच उभे होते. मग वाटाड्या पुढे आणि ती मागे, हीदरवरचे रक्ताचे थेंब बघत, एका घळीत उतरले. पाऊस लागला आणि थेंब दिसेनासे झाले, तेव्हा ती ओढ्याच्या काठाने खूर उमटलेत का ते बघत पुढे गेली. बाबांचा गुडघा त्या उतारावर चालेना. ते आणि सर्जन वर राहिले. शेवटी नर एका खडकाला टेकून उभा असलेला सापडला. तो पळाला नाही. तिने जवळ जाऊन, बसून, दुसरी गोळी घातली.

खाली आल्यावर ती दारात माझ्या बाजूने सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. सर्जन बाहेर माझ्याशी हळू आवाजात बोलत होता. पहिल्या शिकारीचं रक्त कपाळाला लावायची तिकडची रीत आहे. त्याने बोट बुडवून विचारलं तर ती म्हणाली, हात भरलेत, पुरे आहे. "मी तिच्या जागी असतो तर रायफल देऊन टाकली असती," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच व्हिस्की काढली.

रायफलची दुर्बीण सरकली असणार हे आता कोणी बोलत नव्हतं. बोलायची गरज नव्हती.

जेवायला आम्ही तिघंच होतो. सर्जन त्याच्या खोलीत गेला होता. मी खिचडी केली होती. तिने दोन घास खाल्ले आणि चमचा ठेवला.

"बाबा, मी तुमच्याकडे बघितलं."

"हो."

"तुम्ही मान हलवला."

"हलवली."

"टार्गेट झालं नव्हतं. मला माहीत होतं, तुम्हाला पण माहीत होतं. म्हणून मी बघितलं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल काढ गोळी." ती रडत नव्हती. तिचा आवाज शाळेत उत्तर देताना असतो तसा होता. "तुमच्या मशीनचा चेक झाला नसेल तर तुम्ही पेशंटला झोपवता?"

"नाही."

"नेव्हर?"

"कधीच नाही."

"मग आज काय होतं?"

"दसरा होता," ते म्हणाले. म्हणाल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. कारण ते थांबले, पाण्याचा ग्लास उगाच इकडचा तिकडे केला, आणि मग त्यांनी तिला सांबराचं सांगितलं. मला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं. घळीतून येणारा आवाज जेवताना ऐकू येत होता, हे मला त्या दिवशी कळलं. वाढणारा गडी एकदा त्या दिशेला बघून थांबला आणि वडील त्याला म्हणाले, वाढ रे. हे तेरा वर्षांचे होते, त्यांना भूक लागलेली होती, आणि ते जेवले.

"मग नंतर शोधलंत?"

"नाही."

"नेक्स्ट डे?"

"शोधलंच नाही. मला वाटत होतं, दसऱ्याला झालेलं दसऱ्यालाच फिटेल. तुझ्या हातून."

मी ताटं उचलायला उठले होते, ती तशीच हातात राहिली. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती एखाद्या अवघड पानाकडे बघावं तशी बघत होती.

"ते तुमचं होतं, बाबा," ती म्हणाली. "हे माझं होतं."

"हो," ते म्हणाले.

"मला आधी सांगायला पाहिजे होतं."

"हो."

ती उठली, स्वतःचं ताट माझ्या हातातून घेतलं, घासलं, आणि झोपायला गेली. बाबा तिथेच बसून राहिले. मी दिवा घालवू का विचारलं तर म्हणाले, असू दे. त्यांचा घास तसाच ताटात होता. मी तो काढून टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. लोखंडी पत्रा घरामागे लख्ख दिसत होता. वाटाड्या सकाळीच आला आणि त्याने खडूने त्यावर गोल काढला. कोणाला काही विचारलं नाही. मुलगी बूट घालून रायफलीकडे निघाली. बाबा दारात उभे होते, घरातलेच कपडे, पायात सपाता.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं. त्यांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं.

तिने थोडा विचार केला. "या. पण मागे बसा. आणि बोलायचं नाही."

"नाही बोलत."

ते मागच्या एका ओल्या दगडावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ती पालथी झाली, कोपर टेकवले, तिची पाठ वर आली आणि अर्ध्यावर थांबली. बार झाला. वाटाड्या पत्र्यापाशी गेला आणि गोलापासून कितीतरी बाजूला एका जागी त्याने बोट ठेवलं. बाबांनी मान खाली घातली. वाटाड्याने येऊन दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. पुन्हा बार. पुन्हा स्क्रू. तिने नेम धरला की बाबा पुढे झुकायचे. शिकवणाऱ्याला सवयीने होतं तसं. मग त्यांना आठवायचं आणि ते मागे सरायचे.

शेवटच्या गोळ्या गोलात लागल्या. त्या सबंध वेळात तिने एकदाही वळून त्यांच्याकडे बघितलं नाही. तिला आता नीट येतंय, हे मी संध्याकाळी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "हो, येतंय," आणि बराच वेळ सपातांना लागलेला चिखल काडीने काढत बसले.